शिमग्यातला शनिवार

मार्चचा पहिला सोमवार, होळीचा दिवस. रत्नागिरी, प्रशिक्षण केंद्रातलं रेफ्रिजरेशनचं वर्कशॉप.

हजर : मी, म्हणजे या ट्रेडची निदेशक, भांडार सांभाळणारे पवारकाका, आणि गेल्या वर्षीच्या तुकडीतली दीपाली, जी आता इथली विद्यार्थिनी नाही, तरी येऊन बसली आहे. गैरहजर : कुणी नाही. यंदा पटावर एकही नाव नाही, मग गैरहजर कोण असणार?

हजेरी घेतल्याशिवाय माझा हात दुसऱ्या कामाकडे वळत नाही. वर्षानुवर्षांचं वळण आहे. तुकडी नसली तर आहेत त्यांची घ्यायची. पवारकाका हसतात. "मॅडम, माझी मांडलीत ना? नायतर पगार कापतील," म्हणतात आणि पुन्हा पत्र्याच्या पेटीत नटबोल्ट आवळायचे पाने भरायला लागतात. सामान दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात जायचं आहे. गुरुवारी तपासणीला वरच्या कार्यालयातले साहेब येणार, मग ट्रक येणार, मग या दाराला कुलूप लागणार.

खिडकीबाहेर सडा, हे कातळाचं उघडं पठार, तापायला लागलाय. कुंपणापलीकडे काजूंखाली पडलेल्या बोंडांचा आंबूस वास आहे, त्यात आंब्याच्या मोहराचा वास मिसळतो, आणि आत भाग धुवायच्या रॉकेलचा. हे तीन वास एकत्र आले की दुसऱ्या कुणाला शिमगा आल्याचा आनंद होत असेल. मी खिडकी अर्धी लोटते. लांब कुठल्याशा वाडीत ढोल वाजतोय. हात बसायचाय अजून, ताल मध्येच सुटतो, कुणीतरी नव्यानं शिकत असावं. मी तो ढोल ऐकते आणि मला गेल्या वर्षीचा शनिवार आठवतो.

या किनाऱ्यावर आता सगळं गोठवलं जातं. मासळी गोठवतात, आंब्याचा गर गोठवतात, कोळंबी सोलून गोठवतात आणि कुठल्या कुठल्या देशांना पाठवतात. सड्यावर एकामागून एक पांढऱ्या भिंतींची शेड उभी राहतेय. त्या प्रत्येक शेडच्या पोटात एक मशिनघर असतं आणि ते रात्रंदिवस चालावं लागतं. ते बंद पडलं की आतला माल मऊ पडतो, आणि मग तो समुद्रात फेकण्याच्याही लायकीचा राहत नाही. ते मशिनघर चालवायला माणसं लागतात. दाबाचा काटा बघून कान टवकारणारी, तेलाचा रंग बघून मशीन उघडायचं की थांबायचं ते ठरवणारी. तशी माणसं तयार करायची हे माझं काम. प्रत्येक समारंभात कुणी ना कुणी म्हणतं की उद्योग येतायत, स्थानिकांनी कौशल्य शिकलं पाहिजे. टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत. ते खोटं नाही. फक्त शिकणं आणि कामाला लागणं यांच्यामध्ये किती बारीकसारीक गोष्टी उभ्या असतात, ते त्या मंडपात कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी सड्यावरच्या एका नव्या कारखान्याला मशिनघरासाठी माणसं हवी होती. त्यांच्या पुण्याच्या साहेबांनी स्वतःहून फोन केला. म्हणाले, तुमची अख्खी तुकडी बघतो, पसंत पडली तर अख्खी घेतो, पण तिन्ही पाळ्या भरतील इतकी माणसं एकदम हवीत. दोनचार जणांवर मशिनघर चालत नाही. ते बरोबरच होतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. त्या तुकडीवर आमचं वर्कशॉप टिकून होतं. आधीच्या दोन तुकड्यांतली मुलं परीक्षा झाल्या झाल्या मुंबईला निघून गेली होती, आणि वरच्या कार्यालयाचं म्हणणं होतं की इथं शिकलेली मुलं इथं कामाला लागत नसतील, तर ट्रेड इथं कशाला? या वेळी मुलं लागली तर प्रवेश चालू राहतील, नाही तर नाही. हे मला तोंडी सांगितलं होतं, आणि मी ते मुलांना तसंच सांगितलं होतं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी मुलाखतीची जी तारीख दिली ती ऐन शिमग्यातली. मी फोनवरच हसले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"साहेब, त्या आठवड्यात इथं देव घरी येतो."

"म्हणजे?"

मी समजावलं. होळी झाली की ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि वाडीवाडीत, घराघरात जाते. वर्षातून एकदा देवी आपल्या उंबऱ्यात येते. त्या दिवशी घर सारवलेलं असतं, ओटीचं ताट तयार असतं, आणि घरातला माणूस घरात असावा लागतो. मुंबईची माणसं त्यासाठी बस भरभरून येतात, मग इथला मुलगा त्या दिवशी मुलाखतीला कसा जाईल?

साहेब समजूतदार होते. म्हणाले, "आमच्याकडे वेळेवर कुरिअरवालासुद्धा येत नाही, तुमच्याकडे देव येतो. बरं, तुम्हीच दिवस सांगा."

मग मी माझ्या पद्धतीनं बसले. फळ्यावर उभ्या रेघा मारल्या, आडव्या मारल्या. एका बाजूला वाड्या, वर वार. कुणाचा शिमगा तेरसेचा, कुणाचा पौर्णिमेचा. कुणाची पालखी पाच दिवस फिरते, कुणाची पंधरवडाभर. मुलं एकेक उठून आपल्या वाडीचा दिवस सांगत होती आणि मी खडूनं चौकटी भरत होते.

पवारकाका दारात उभे राहून बघत होते. "देवीचं टाइमटेबल लावताव मॅडम? तिची सही घेतलात काय?"

"तुमच्यामार्फत घेईन," मी म्हटलं.

पोरं खो खो हसली. तुकडीतले बहुतेक मुलगे एकाच देवीच्या वाड्यांमधले होते. आमच्याकडे असंच होतं. एका पोराला प्रवेश मिळाला की तो पुढच्या वर्षी चुलतभावाला आणतो, चुलतभाऊ शेजाऱ्याला आणतो, आणि बघता बघता अर्धी वाडी एका ट्रेडला. यांचा पुढारी ओंकार. उंच, बोलका, ढोल वाजवणारा. बाकावर बसला तरी बोटं ताल धरायची. त्यानं सांगितलं, "आमच्या वाडीत पालखी गुरुवारी. शुक्रवारपर्यंत पुढच्या वाडीत गेली पन असंल. शनिवार मोकळा." फळ्यावर शनिवारच्या रकान्यात एकही फुली नव्हती. मी त्या शनिवारभोवती खडूनं गोल केला. साहेबांना कळवला. त्यांनी मान्य केला. मला आठवतं, त्या दुपारी मी डबा खाताना गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी शिमग्याच्या सुट्टीआधीचं शेवटचं प्रात्यक्षिक होतं. एका बर्फाच्या कारखान्यानं आम्हाला जुना दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर दिला होता. तो मुलांनी पूर्ण उघडला. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह प्लेट, सगळं रॉकेलमध्ये धुऊन ट्रेमध्ये ओळीनं मांडलं. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, काढताना त्याखालचं गळती अडवणारं जुनं गॅस्केट फाटलं होतं; नवं कापल्याशिवाय कॉम्प्रेसर जोडता येणार नव्हता. ओंकारनं नवा गॅस्केटचा कागद घेतला, त्यावर हेड ठेवून पेनानं कडेकडेनं रेघ ओढली, बोल्टची भोकं गिरवली. कात्री घेणार तोच बसची वेळ झाली.

"सुट्टीनंतर कापतंय मॅडम. पंधरा मिनटाचा काम," तो म्हणाला, आणि हात पुसत पळाला.

होळी झाली. गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता.

"मॅडम, पालखी आज आली नाय. आमच्या वाडीत शनिवारी येनार."

"का?"

"मुंबैच्या मंडळानं गावात फोन केलान. मधल्या वारी रजा मिळत नाय सगळ्यांना. शुक्रवारी रात्री बशी सोडतील, शनिवार-रविवार मिळतील. गावकऱ्यांची बैठक झाली. मान्य झाला."

मी लगेच साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, तारीख एकदा तुमच्यासाठी बदलली. मी पुण्याहून त्यासाठीच निघालोय. आता नाही जमणार. ठेकेदाराची माणसं तयार आहेत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी सकाळी पहिली एसटी पकडून मी ओंकारच्या वाडीत गेले. घाट चढताना रानात सुरंगी फुलली होती. एक बाई बसमध्ये तिचे गजरे घेऊन चढली आणि अख्खी बस त्या वासानं भरली. मला तो वास सोसवेना. मनात मी बोलायचे मुद्दे मांडत होते. पहिला, दुसरा, तिसरा. फाट्यावरून टेम्पो सांगेन, मुलांना सकाळी नेऊन दुपारच्या आत परत आणेन. पालखी कुठल्या घरी आधी न्यायची ते गावाच्या हातात आहे, तर या मुलांची घरं मागून घ्यावीत. इतकं साधं.

ओंकारची आई अंगण सारवत होती. शेणाचे हात तसेच ठेवून ती उभी राहिली. तिचा नवरा मुंबईत एका इमारतीवर पहारेकरी आहे. त्याला यंदा रजा मिळाली नव्हती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग म्हणाली, "मॅडम, तुमी पोराच्या भल्याचाच सांगताव. पन पालखी पयली आमच्याच दारात. मान हाय. ह्याचा बाप नाय, हा बी नाय, मंग देवीफुडं कोन उभा ऱ्हानार? मी एकटी?"

माझ्या मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता.

सहाणेपाशी, पालखी टेकवायच्या ओट्यापाशी, ओंकारचा काका मांडव बांधून घेत होता. मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी. तयारीसाठी तो दोन दिवस आधी आला होता. माझं बोलणं त्यानं अर्ध्यावर तोडलं. "मॅडम, नोकरीचं एवढं काय घेऊन बसलात? मी लावतो ना त्याला. अंधेरीत आपली ओळख आहे."

"तुम्ही त्याला तिकडे नेऊ नये म्हणून तर ही नोकरी," मी म्हटलं. "इथं. घरापासून एसटीच्या अंतरावर. दर शिमग्याला घरी असेल तो."

"मग पुढच्या शिमग्याला असेल. या शिमग्याचं काय?" त्यानं हातातली सुतळी खाली ठेवली. आता तो चिडला होता. "वर्षभर आम्ही तिकडे दहा बाय दहाच्या खोलीत कशासाठी राहतो? हे दोन दिवस मिळतात म्हणून. तिकडची सगळी माणसं आज रात्री निघणार, बशी सांगितल्यात. आणि तुम्ही म्हणता पालखी पुढंमागं करा. एकदा मागं केली ना आमच्यासाठी? गावकऱ्यांना किती वेळा नाचवायचं?"

तो दुष्ट नव्हता. हे मला तेव्हाही दिसत होतं. दुष्ट माणसापाशी आवाज चढवता येतो. हा माणूस स्वतः कधीतरी असाच कुणाच्या तरी बसमध्ये बसून गेला होता, आणि आता दोन दिवसांसाठी परत येऊ पाहत होता. ज्यांना इथं काम मिळालं नाही त्यांच्या परत येण्यानंच इथलं काम जात होतं. कुणाला दोष द्यायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरीही शनिवारी मी टेम्पो घेऊन फाट्यावर उभी राहिले. पवारकाका सोबत आले. दीपाली आधीच मागं बसली होती, मांडीवर फाईल, केसांना घट्ट वेणी. तिची बौद्धवाडी अलीकडच्या गावात. तिच्या घरी पालखी येत नाही, त्यामुळे तिला तो दिवस मोकळाच होता. इतर गावांतले आणखी तिघं होते. बाकीच्यांची वाट बघत आम्ही थांबलो. डोंगराआडून ढोल ऐकू येत होते आणि मध्येच माणसांचा एकदम उठणारा आवाज. पालखी नाचत असणार.

"येतील मॅडम?" दीपालीनं विचारलं.

"येतील," मी म्हटलं.

ओंकार आला. धावत, एकटाच. कपाळभर गुलाल, शर्टाच्या खांद्यावर पालखीच्या दांड्याचा वळ. त्याला श्वास लागला होता. "मॅडम, तुमी जावा. उशीर होल. आमी नाय येत." मग दीपालीकडे बघून म्हणाला, "तू तरी लागून घे गो." आणि आला तसा पळाला. वळणावर एकदा थांबला. मला वाटलं परत फिरतोय. त्यानं फक्त निसटणारी चप्पल सारखी केली.

कारखान्यात पुण्याचे साहेब चौघांना बघून दाराकडे बघत राहिले. "बाकीचे?"

मी सांगितलं.

"मॅडम, राग मानू नका. पण तुमच्या मुलांना नोकरी नकोच आहे."

"हवी आहे," मी म्हटलं. "आज तेवढी सोडून."

"मशिनला आज आणि उद्या कळत नाही."

त्यांनी चौघांच्याही मुलाखती नीट घेतल्या. दीपालीला दाब, तापमान, गळती कशी शोधायची ते विचारलं. तिनं बरं सांगितलं, एक दोन ठिकाणी अडखळली, पुन्हा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, तुम्ही चांगल्या आहात, पण एकट्यांना घेऊन मी काय करू? टीम लागते मला. ती "हो सर" म्हणाली आणि फाईल बंद केली. फाईलचं बटण लागत नव्हतं. ती ते परत परत दाबत होती.

पुढच्या आठवड्यात ठेकेदाराची मुलं आली. लांबच्या मुलखातून, दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून. सड्यावर पत्र्याच्या खोल्या टाकून राहिली. एका संध्याकाळी मी तिकडून जात होते. ती बाहेर दगडांवर बसून घरी फोन करत होती, कुणाच्या कानामागं अजून होळीचा रंग होता. कुणी शिकलेला असेल, कुणी नसेल. माझ्या मनात आलं, यांच्याही गावात एखादं वर्कशॉप असेल आणि तिथं कुणी बाई रिकाम्या बाकांची हजेरी घेत असेल. त्यांच्यावर रागवायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही.

शिमगा आटोपला. मुंबईच्या बसगाड्या परत निघाल्या तेव्हा त्यात माझी निम्मी तुकडी होती. परीक्षेपुरती मुलं आली, पास झाली, पुन्हा गेली.

मी गप्प बसले नाही. त्या कारखान्यात दोनदा गेले. दुसऱ्या तीन कारखान्यांत गेले. वरच्या कार्यालयाला लिहिलं, आठवण दिली, पुन्हा लिहिलं. वाडीवाडीत पालकांच्या सभा घेतल्या. सभेला आया आणि म्हातारे येत, चहा देत, आणि विचारत, "मुंबैला हा कोर्स चालंल ना?" जूनमध्ये प्रवेशाचा आदेश आला तेव्हा त्यात जागांच्या रकान्यात आमच्या ट्रेडसमोर रेघ होती. मी वरच्या कार्यालयातल्या साहेबांना विचारलं, ही रेघ छापताना चुकून आली का? ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माहीत आहे."

आता दीपाली समोर बसली आहे. ती त्याच सड्यावरच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जाते. मशिनघराच्या भिंतीला लागूनच सोलणाऱ्यांची शेड. आज होळीची सुट्टी म्हणून आली. बोटांची टोकं गार पाण्यानं पांढरी, सुरकुतलेली.

"आतला आवाज ऐकू येतो मॅडम," ती सांगते. "परवा दिवसभर काहीतरी खडखडत होता. मला कळत होता, व्हॉल्व्हचा हाय म्हणून. कुनाला सांगनार? मुकादम बोलला, हात चालव."

मग ती ज्यासाठी आली ते काढते. धाकटी बहीण दहावीला बसली आहे. तिला हाच ट्रेड हवाय. "मी सांगितलंय तिला, मॅडम हायत. जूनला फॉर्म निघंल ना?"

पवारकाका पेटीतून मान वर करत नाहीत.

ओंकारला मुंबई होती. काका होता, ओळख होती, दहा बाय दहाची खोली होती. कसली का असेना, जागा होती. दीपालीला आणि तिच्या बहिणीला कुणाची बस येऊन नेणार नाही. त्यांना घरापासून एसटीच्या अंतरावर काही असेल तरच आहे. मी हे सगळं लेखी दिलं होतं. उत्तर आलं होतं की बाब विचाराधीन आहे.

"बघू," मी म्हणते. एरवी मी हा शब्द वापरत नाही. आज वापरला. दीपाली माझ्याकडे बघते. तिला कळलंय, की कळलं नाही, मला सांगता येत नाही.

मध्यंतरी ओंकारचा फोन आला होता. एसी दुरुस्तीच्या दुकानात आहे, खिडकीबाहेर लोंबकळत काम करतो. यंदा शिमग्याला रजा नाही. आईसोबत देवीसमोर कोण उभं राहणार ते मी विचारलं नाही. त्यानं मात्र विचारलं, "मॅडम, तो कॉम्प्रेसर जोडलात काय?"

तो टेबलावर तसाच आहे. भाग तेल लावून ट्रेमध्ये, वर फडकं. गुरुवारच्या तपासणीसाठी वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी स्पष्ट कळवलंय की प्रत्येक यंत्र चालू स्थितीत असलं तरच सामान हलवता येईल आणि विभाग बंद झाला असं धरता येईल. बाकी सगळ्यावर माझी खूण झाली आहे. पाने मोजले, गेज तपासले, गॅसच्या टाक्या बांधल्या.

"मी कापू मॅडम?" दीपाली विचारते. तिनं गॅस्केटचा कागद उचललाय. त्यावर ओंकारची पेनाची रेघ आहे, भोकांचे गोल आहेत, एका कोपऱ्यात त्याच्या तेलकट अंगठ्याचा ठसा. "पंधरा मिनटाचा काम हाय."

"नको," मी म्हणते. "ठेव तिथंच."

ती ठेवते. बाहेर ढोल वाजवणाऱ्याचा हात आता बसलाय. मी कात्री खणात टाकते आणि खण बंद करते. गुरुवारला अजून वेळ आहे. गॅस्केट कापायचं राहिलं आहे.